दाराची आतली कडी

कोल्हापुरातल्या माझ्या सोनोग्राफी सेंटरच्या बाकांवर सकाळी साडेनऊपासून बायका बसलेल्या असतात. कुणाच्या हातात पाण्याची बाटली, कुणी लघवी दाटून धरून आतल्या दाराकडे बघत असलेली, कुणाच्या शेजारी सासू. भिंतीवर कायद्यानं लावायला सांगितलेली पाटी आहे, इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही. या गर्दीत आठवड्यातून एखादा पुरुष येतो आणि बसत नाही. जिन्याच्या कठड्याला टेकून उभा राहतो. हातातल्या चिठ्ठीची चौघडी घालून खिशात ठेवतो, पुन्हा काढतो, पुन्हा ठेवतो. त्याचं नाव मोठ्यानं पुकारायचं नाही, एवढं आमच्या मावशींना मी पक्कं सांगून ठेवलं आहे. त्या जवळ जाऊन हळूच म्हणतात, "चला दादा, आत या."

चिठ्ठीवर मूत्ररोगतज्ज्ञानं लिहिलेलं असतं, पीनाइल डॉपलर. म्हणजे शिश्नाच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी. ताठरता येत नाही ती रक्त पुरेसं आत येत नाही म्हणून, की आलेलं रक्त थांबत नाही म्हणून, हे बघायची तपासणी. तीस वर्षं मी ती करतो आहे. पोटाची, थायरॉइडची, पायांच्या शिरांची सोनोग्राफी मी त्याहून कितीतरी जास्त केली. पण त्या तपासण्यांत रुग्णाच्या मनात काय चाललं आहे त्यानं पडद्यावरचं चित्र बदलत नाही. भीतीनं कुणाचं यकृत लहान होत नाही. ही तपासणी मात्र अशी आहे, की बघणाऱ्याच्या वागण्यानं बघायची गोष्टच बदलून जाते. हे कळायला वैद्यकाला जवळजवळ पाचशे वर्षं लागली. मला ते एका चुकीतून कळलं, आणि त्या चुकीनंतरच मी या तपासणीचा इतिहास शोधत गेलो.

हा इतिहास मृतदेहांपासून सुरू होतो. शिश्न वाऱ्यानं फुगतं, असा युरोपात फार जुना समज होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस लिओनार्दो दा विंची यानं फाशी गेलेल्यांची शरीरं पाहिली आणि लिहून ठेवलं, की ताठर अवयवात भरलेलं असतं ते रक्त. पण त्याच लिओनार्दोनं १४९०च्या सुमारास स्त्रीपुरुष समागमाचं जे उभं छेदचित्र काढलं, त्यात वीर्याची एक नळी थेट पाठीच्या कण्यातून येताना दाखवली. वीर्य मज्जेतून उतरतं हा त्याच्या आधीच्यांचा समज त्याच्या हातून कागदावर उतरला. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं एकाच चित्रात शेजारी शेजारी बसलं.

आपल्याकडेही ऐकलेलं काही कमी नव्हतं. चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य होतं, हे वाक्य मी शिकल्यासवरल्या माणसांकडूनही ऐकतो. 'धातू जाते' म्हणून खंगत चाललेली पोरं अजून येतात. या भीतीचा आजार म्हणून अभ्यास करून १९६०मध्ये मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी त्याला 'धात सिंड्रोम' हे नाव दिलं. चरकसंहितेनं मात्र कितीतरी आधी या तक्रारीचे चार प्रकार वेगळे मांडले होते. बीजाच्या दोषानं, ध्वजभंगानं, म्हातारपणानं आणि शुक्राच्या क्षयानं येणारं क्लैब्य. उत्तरं त्या काळाची होती, पण एकाच दिसणाऱ्या अडचणीमागे कारणं निरनिराळी असतात, ही दृष्टी पक्की होती. पुढचा सगळा प्रवास ती कारणं एकमेकांपासून वेगळी करण्याचाच आहे.

१६६८मध्ये डेल्फ्टच्या रेग्निएर द ग्राफ या सत्तावीस वर्षांच्या डच डॉक्टरनं पुरुषाच्या जननेंद्रियांवर ग्रंथ लिहिला. त्यानं आधी स्वतःसाठी एक पिचकारी तयार केली. मृतदेहाच्या ओटीपोटातल्या धमनीत त्या पिचकारीनं पाणी सोडलं आणि मेलेल्या माणसाचं शिश्न ताठ झालं. ज्याला इच्छा नाही, भीती नाही, लाज नाही, अशा शरीरात निव्वळ पाण्याच्या दाबानं ते घडलं. ताठरता ही पाणीपुरवठ्यासारखी गोष्ट आहे, हे त्यानं हातानं करून दाखवलं. जिवंत माणसात तो नळ कोण उघडतं, हा प्रश्न मात्र उरला. त्याचा पहिला धागा १८६३मध्ये सापडला. जर्मनीत कॉनराड एकहार्ड यानं कुत्र्यांच्या ओटीपोटातल्या मज्जातंतूंना विजेचा सौम्य झटका दिला आणि ताठरता आली. म्हणजे नळाची चावी मज्जातंतूंच्या हातात होती.

८ नोव्हेंबर १८९५ला राँटगेनला क्ष-किरण सापडले. त्यात हाडं दिसली, पण रक्त दिसेना. रक्तवाहिनी दिसायची तर तिच्यात किरण अडवणारं औषध सोडावं लागतं. लिस्बनमध्ये एगास मोनिझनं १९२७ला मेंदूच्या धमन्यांचं असं चित्र घेतलं आणि त्याच शहरात रेनाल्दो दुस सांतुसनं १९२९ला पोटातल्या महाधमनीचं. फ्रेंच सर्जन रने लरीशनं १९२३मध्येच काही रुग्णांचं वर्णन केलं होतं. चालताना त्यांच्या नितंबांत आणि मांड्यांत वेदना व्हायच्या, जांघेत नाडी लागत नव्हती आणि ताठरता गेलेली होती. महाधमनी खाली दोन फाट्यांत विभागते तिथेच तिचा मार्ग बंद झाला होता. १९४०मध्ये त्यानं यावर शस्त्रक्रियेचा मार्गही मांडला. आज या आजाराला लरीशचंच नाव आहे.

मला लरीश मोठा वाटतो तो एका साध्या गोष्टीसाठी. त्यानं रुग्णाला पाय किती दुखतो हे विचारलं आणि त्याच दमात दुसरीही गोष्ट विचारली. त्या काळात ती कुणी विचारत नव्हतं. पुढेही कित्येक वर्षं वैद्यकाची पुस्तकं हेच सांगत राहिली, की दहातल्या नऊ पुरुषांत ही अडचण मनाची असते. मनाची म्हणजे रुग्णाची, आणि रुग्णाची म्हणजे त्याच्याच दोषाची, असं ते सरकत जायचं.

आपल्याकडे हे प्रश्न उघड विचारायची जागा रघुनाथ धोंडो कर्व्यांनी दिली. १९२७ ते १९५३ त्यांनी मुंबईतून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं आणि त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरं दिली. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. खटला कर्वे हरले. तरी ज्याला प्रश्न पडला त्याला उत्तर मिळालं पाहिजे, हा आग्रह मराठीत कोरला गेला. उत्तर देणारा होता, पण आत काय चाललं आहे हे दाखवणारं यंत्र अजून कुणाकडेच नव्हतं.

ते यंत्र तुकड्यातुकड्यानं आलं. १९७०मध्ये जपानी डॉक्टर शिराई आणि नाकामुरा यांनी रक्तातल्या अल्ब्युमिनला किरणोत्सर्गी आयोडीन जोडलं आणि शिश्नात रक्त किती साठतं त्याचा आलेख काढला. तो आलेख होता, चित्र नव्हतं, पण शरीराची अडचण कुणाची आणि मनाची कुणाची हे ओळखायचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. १९८०मध्ये तर अमेरिकेत टपाल तिकिटांची चाचणी आली. निरोगी पुरुषाला झोपेत रात्रीतून काही वेळा आपोआप ताठरता येते. झोपताना शिश्नाभोवती तिकिटांची पट्टी चिकटवायची, आणि सकाळी छिद्रांच्या रेषेवर ती फाटलेली सापडली तर यंत्रणा शाबूत आहे असं समजायचं. ही चाचणी मला फार आवडते. माणूस आपल्या घरी, आपल्या अंथरुणात, झोपलेला. बघणारं कुणी नाही.

प्रागमध्ये वाक्लाव मिखाल या सर्जननं रक्तपुरवठा कमी पडतो तिथे नवी वाट काढायचं ठरवलं. १९७३मध्ये त्यानं पोटाच्या भिंतीतली एक धमनी खाली आणून शिश्नाला जोडली. पण कुठली धमनी कुठे बंद आहे हे कळल्याशिवाय जोडणार काय? म्हणून त्यानं आणि त्याचा सहकारी पोस्पिखाल यानं शिश्नाच्या धमन्यांचं क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत बसवली आणि १९७८मध्ये ती प्रसिद्ध केली. सैल अवस्थेत या धमन्या आक्रसलेल्या असतात, त्यांची चित्रं फसवतात. त्यामुळे शिश्नात पंपानं सलाइन भरून ताठरता आणायची आणि मग धमनीत औषध सोडून चित्र घ्यायचं. मृतदेहावरची द ग्राफची पिचकारी तीनशे वर्षांनी जिवंत माणसापर्यंत पोहोचली होती. चित्र सुरेख यायचं, पण त्यातली ताठरता अजूनही पाण्याची होती.

ती रक्ताची झाली दोन इंजेक्शनांमुळे. पॅपाव्हरीन हे अफूतून मिळणारं जुनं औषध १८४८पासून माहीत होतं. ते रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करतं. पॅरिसचा रक्तवाहिन्यांचा सर्जन रोनाल्ड व्हिराग याच्याकडे एका शस्त्रक्रियेच्या वेळी ते शिश्नाच्या बाजूला गेलं आणि भूल दिलेल्या रुग्णाला पूर्ण ताठरता आली. १९८२मध्ये त्यानं 'लॅन्सेट'मध्ये ते छापलं. दुसरा जाइल्स ब्रिंडली, लंडनचा शरीरक्रियाशास्त्रज्ञ. तो आपल्यावरच निरनिराळी औषधं टोचून बघत होता. १९८३मध्ये लास व्हेगासला अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या अधिवेशनात तो ट्रॅकसूट घालून व्याख्यानाला उभा राहिला. आधी स्लाइड दाखवल्या. मग म्हणाला, की व्याख्यानाआधी हॉटेलच्या खोलीतच इंजेक्शन घेऊन आलो आहे, आणि समोरच्या डॉक्टरांना परिणाम प्रत्यक्ष दाखवला. सभागृह हादरलं. पण त्या संध्याकाळनंतर कुणालाही असं म्हणता आलं नाही, की हे औषधानं होत नाही, कल्पनेनं होतं. आपल्या शरीराची लाज बाजूला ठेवून एका माणसानं लाखो लोकांची लाज हलकी केली, असं मी मानतो.

आता जिवंत, जागा, भूल न दिलेला माणूस टेबलावर होता आणि त्याच्या शिश्नात त्याचंच रक्त होतं. ते बघायचं कसं, याचं उत्तरही प्रागमध्येच निघालं होतं, पण १८४२ साली. ख्रिश्चन डॉपलरनं तिथे जोडताऱ्यांच्या रंगावर निबंध वाचला होता. जवळ येणाऱ्या गोष्टीची लहर दाटते, दूर जाणारीची विरळ होते. मिरज स्टेशनवर न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी येताना चढी आणि गेल्यावर उतरती ऐकू येते, ते हेच. रक्तपेशीवर ध्वनिलहर मारली तर परतीच्या लहरीत तिचा वेग कळतो. सॅन फ्रान्सिस्कोत टॉम लू आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८५मध्ये ही युक्ती, बारीक तपशील दाखवणारी सोनोग्राफी आणि पॅपाव्हरीनचं इंजेक्शन अशा तिन्ही गोष्टी एकत्र आणल्या. माझी ही तपासणी तिथे जन्मली. धमनीत सुई नाही, क्ष-किरण नाही, भूल नाही.

पडद्यावर काय दिसतं ते सांगतो. प्रोब आडवा धरला की दोन काळपट वर्तुळं शेजारी शेजारी दिसतात आणि त्यांच्या खाली मधोमध एक लहान. वरची दोन म्हणजे स्पंजासारखे दोन दंडगोल, ज्यांत रक्त भरतं. त्यांच्याभोवती पांढरीशुभ्र रेघ, ते चिवट वेष्टन. प्रत्येक वर्तुळाच्या मध्याजवळ एक ठिपका धडधडतो, मिलिमीटरहून बारीक, ती धमनी. प्रोब उभा केला की ठिपक्याची दोरी होते. रंगाची चौकट लावली की ती लाल उजळते, आणि स्पीकर सुरू केला की ऐकू येते.

हा आवाज मला चित्राहून जवळचा आहे. इंजेक्शनानंतर पहिल्या पाच मिनिटांत धमनी मोकळी होते तेव्हा तो सलग, भरलेला येतो, पाटाला पाणी सुटल्यासारखा. तेव्हा हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला रक्ताचा वेग सेकंदाला ३० ते ३५ सेंटिमीटरच्या वर गेला तर पुरवठा चांगला. २५च्या खाली राहिला तर धमनी रोगट. मग स्पंज भरत जातो. बाहेर नेणाऱ्या बारीक शिरा फुगलेला स्पंज आणि चिवट वेष्टन यांच्या सांध्यात दाबल्या जातात. दारं धरायला गेलेल्या शेतकऱ्याला हे एका वाक्यात कळतं. वाफा भरला की त्याचं तोंड बांधायचं, नाहीतर पाणी राहत नाही. इथे बांधायला माणूस लागत नाही, वाफा भरता भरता आपलं तोंड आपणच दाबून धरतो. तोंड बंद झालं की आतला दाब चढतो आणि दोन ठोक्यांमधलं रक्त पुढे सरकेनासं होतं. तेव्हा सलग आवाज तुटतो आणि नुसतं टप्, टप्, टप् उरतं. दोन ठोक्यांमधला वेग शून्यावर येतो, कधी उलटाही जातो. तो ५ सेंटिमीटरच्या वरच राहिला तर आपण लिहितो, शिरांमधून गळती.

याच दोन शब्दांत माझी चूक आहे.

१९८०च्या दशकात गळती हा जगभरातल्या सर्जनांचा मोठा विषय झाला होता. शिश्नात औषध भरून बाहेर जाणाऱ्या शिरांचं क्ष-किरण चित्र काढायचं, गळणारी शिर दिसली की ती बांधायची. तर्क सरळ होता. शस्त्रक्रियेनंतर काही महिने अनेकांना बरंही वाटायचं. मग पुन्हा पहिले पाढे. १९९६मध्ये अमेरिकन मूत्ररोग संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनी असं ऑपरेशन नेहमीचा उपचार म्हणून करू नये असं सांगितलं. तोवर ते खूप झालं होतं.

मी नवं रंगीत डॉपलर घेतलं तो काळ हाच होता. कागल तालुक्यातला एक सव्वीस वर्षांचा मुलगा आला. लग्नाला सात महिने झालेले. सासरची माणसं बैठक बसवून गेली होती. हिंदू विवाह कायद्याच्या बाराव्या कलमात नपुंसकत्वामुळे संबंध न झालेलं लग्न रद्द ठरवता येतं, हे त्याला गावातल्या कुणीतरी ऐकवलं होतं. माझी खोली मशीनसाठी गार केलेली. अंगावर पातळ चादर. दाराला आतून कडी नव्हती. तपासणी चालू असताना आमचा मदतनीस फाइल न्यायला दोनदा आत आला. इंजेक्शन दिल्यावर मी घड्याळाकडे बघत होतो, बाहेर बारा जणी थांबल्या होत्या. आवाज भरलेला आला, पण तुटेना. दोन ठोक्यांमधला वेग ९. मी रिपोर्ट लिहिला, धमन्या चांगल्या, शिरांमधून गळती. माझ्या सहीनिशी.

घरच्यांनी बायकोचे दागिने गहाण टाकून ऑपरेशनची तयारी केली. मुंबईतल्या ज्या वयस्कर सर्जनकडे ते गेले त्यांनी रिपोर्ट पाहिला, मुलाला आत बोलावलं, त्याच्याशी बोलत बसले, आणि ऑपरेशन न करता माझ्या नावानं एक चिठ्ठी देऊन त्याला परत पाठवलं. चिठ्ठीत तीन ओळी होत्या. खोली उबदार ठेवा. इंजेक्शनानंतर त्याला एकटं सोडा. गरज पडली तर दुसरा डोस देऊन मगच लिहा.

कारण मला माहीत होतं, पण मी ते त्या खोलीला लावून पाहिलं नव्हतं. भीतीनं, थंडीनं, संकोचानं शरीर अ‍ॅड्रेनालिन सोडतं. अ‍ॅड्रेनालिननं स्पंजाचे स्नायू आक्रसतात. स्पंज पुरता भरत नाही, मग शिरा दाबल्या जात नाहीत, मग रक्त बाहेर जात राहतं. यंत्र खरं बोलत होतं. त्या क्षणी गळती होती. पण ती त्याच्या शिरांमधली नव्हती, माझ्या खोलीतली होती.

शनिवारी मी सुतार बोलावून दाराला आतून कडी बसवली. रविवारी दुपारी सेंटर बंद असताना त्याला बोलावलं. एसी बंद केला. घरून जाड चादर नेली. मूत्ररोगतज्ज्ञ मित्रानं इंजेक्शन दिलं आणि आम्ही दोघं बाहेर येऊन बसलो. त्यानं आतून कडी लावली ते मला ऐकू आलं. पंधरा मिनिटांनी त्यानं हाक मारली. पहिलं मोजमाप मधलंच आलं. दुसरा डोस दिला, पुन्हा बाहेर आलो. पुन्हा प्रोब लावला तेव्हा ठोक्याचा वेग ४२ होता, दोन ठोक्यांमधला शून्य, आणि स्पीकरमधून टप्, टप्, टप् येत होतं.

"हे चांगलं का वाईट, साहेब?" त्यानं विचारलं.

"चांगलं. एकदम चांगलं."

"मग माझं काय चुकलं होतं?"

"तुझं काही नाही. मी घाईनं बघितलं."

तो छताकडे बघत पडून राहिला. मग म्हणाला, "तो आवाज जरा मोठा करता का?"

मी आवाज वाढवला. तीनचार मिनिटं आम्ही दोघं ऐकत होतो. सात महिन्यांत त्याच्या शरीराबद्दल त्याला कुणी दिलेला हा पहिला चांगला पुरावा होता. परिणाम ओसरेपर्यंत त्याला घरी सोडलं नाही, कारण चार तासांच्या पुढे राहिलेली ताठरता आणीबाणी असते. ते दोन तास तो ऊस आणि पावसावर बोलत होता. पुढे समुपदेशनासाठी दोघं नवराबायको मिळून गेले. दागिने सुटले.

मग मी वाचत गेलो. मृतदेह, भूल दिलेला रुग्ण, पंपाचं सलाइन, आणि शेवटी जागा माणूस. प्रत्येक पावलागणिक बघणारे जिवंत माणसाच्या जवळ सरकत होते, आणि जवळ सरकण्यासोबत शब्दही बदलत होते. डिसेंबर १९९२मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं भरवलेल्या परिषदेत असा निष्कर्ष निघाला, की 'नपुंसकत्व' हा शब्द सोडावा आणि ताठरतेतील बिघाड असं म्हणावं. त्याच वर्षी लॉस एंजलिसच्या राज्फर आणि इग्नारो यांनी दाखवलं, की नळाची चावी फिरवणारा मज्जातंतूंचा निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू. एकहार्डनं अर्धवट सोडलेलं वाक्य पूर्ण झालं. मार्च १९९८मध्ये अमेरिकेत व्हायाग्राच्या गोळीला मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षी नायट्रिक ऑक्साइडवरच्या कामासाठी इग्नारो, फर्चगॉट आणि मुराद यांना नोबेल मिळालं.

सगळ्यात जवळ गेले ते नेदरलँड्समधले ग्रोनिंगेनचे लोक. पेक फान आंदेल आणि सहकाऱ्यांनी १९९१पासून काही वर्षं एमआरआयच्या अरुंद नळीत प्रत्यक्ष समागमाची चित्रं घेतली. आठ जोडपी, तीन एकट्या स्त्रिया, तेरा प्रयोग. १९९९च्या अखेरीस ती 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. लिओनार्दोनं सरळ रेषेत दाखवलेलं शिश्न प्रत्यक्षात बुमरँगसारखं वाकलेलं होतं आणि त्याच्या लांबीचा तिसरा हिस्सा बाहेरून न दिसणारं मूळ होतं. २०००मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं आणि लोक हसले. मला त्या कामात वेगळी गोष्ट दिसते. त्या अरुंद, धडधडणाऱ्या नळीत सुरुवातीच्या जोडप्यांपैकी फार थोड्यांना ते पुरतं जमलं, आणि गोळी बाजारात आल्यावर प्रयोग सुकर झाले. धडधाकट, राजीखुशीनं आलेल्या पुरुषांचंही शरीर बघणाऱ्यांच्या सान्निध्यात आक्रसलं. माझ्या कागलच्या मुलाचं जे झालं तेच त्यांचं.

गोळी आल्यापासून डॉपलरच्या चिठ्ठ्या कमी झाल्या. बहुतेकांना आधी गोळी दिली जाते आणि ते योग्यच आहे. पण तपासणीला नवं काम मिळालं. मिलानच्या मोन्तोर्सी यांनी दाखवून दिलं, की शिश्नाच्या धमन्या १ ते २ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. चरबीचा थर सगळीकडे सारखाच बसतो, पण बारीक नळी आधी तुंबते. त्यामुळे ताठरतेची अडचण हृदयाच्या तक्रारीच्या दोनतीन वर्षं आधी येऊ शकते. काही वर्षांपूर्वी बावन्न वर्षांचे एक गृहस्थ आले, दहा वर्षं मधुमेह, छातीत काही नाही. वेग १६. दोन्ही बाजूंना. मी त्यांना हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवलं. तीन अडथळे निघाले, बायपास झाली. वैदूच्या पुड्यांवर ते आधी दोन वर्षं घालवून आले होते. गावोगावच्या एसटी स्टँडजवळच्या भिंतींवर गुप्तरोगाच्या जाहिराती अजून रंगवलेल्या असतात. त्या प्रत्येक जाहिरातीमागे असा एखादा न तपासलेला हृदयरोगी उभा असेल, या विचारानं मला स्वस्थ बसवत नाही.

माझा मुलगाही याच शाखेत शिकून आला आहे आणि अधूनमधून सेंटर बघतो. पहिल्याच दिवशी त्यानं माझे रिपोर्ट चाळले आणि विचारलं, की वेगांच्या आकड्यांआधी या दोन ओळी कशासाठी, कुठल्याच पुस्तकातल्या नमुन्यात त्या नाहीत. मी त्याला त्या चिठ्ठीची गोष्ट सांगितली. आता त्याच्या रिपोर्टवरही त्या असतात. खोलीचं तापमान २७ अंश. दार आतून बंद, रुग्ण एकटा पंधरा मिनिटं. त्यानंतर आकडे.